जलरंग करणाऱ्याने छापचित्रं शिकावीत का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही निपाणीचे, नोकरी सांभाळून जलरंगात निसर्गचित्रं करता, पण हात एका जागी अडकल्यासारखा वाटतो. चित्रकलेच्या क्लासबरोबर छापचित्रांचाही क्लास लावला तर उपयोग होईल का?

होईल. जमल्यास दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवा, कारण खरा फायदा त्या जोडीत आहे.

आपल्या सीमाभागात समोर बघून रंगवण्याची तालीम चांगली मिळते. बेळगावात चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांनी व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्राची जी शिस्त लावली, तिच्यात १९३५ साली बेळगावातच जन्मलेले चित्रकार रवी परांजपे घडले. हा मोठा ठेवा आहे आणि तुम्ही तो सोडू नये असंच मला वाटतं. पण जलरंग एक सवय लावतो. ओल्या कागदावर रंग सोडला की काहीतरी देखणं घडतंच, आणि आपण ते ठेवून देतो. डोंगराची कड नेमकी कुठे संपते, झाडाखालची सावली किती गडद हवी, हे बऱ्याचदा पाणीच ठरवतं. वर्षानुवर्षं असं चाललं की चित्रं छान होत राहतात, पण पुढे सरकत नाहीत.

छापचित्रात ही सवय मोडते. लिनोकट घ्या, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर काढलेला छाप. त्यात प्रत्येक जागा एक तर काळी, नाही तर पांढरी. कापलं ते पांढरं राहणार, ठेवलं त्याला शाई लागणार. तवंदी घाटाचं चित्र करायचं तर आभाळ कोरं ठेवायचं की आडव्या रेषांनी भरायचं, हे पाती हातात घेण्याआधी ठरवावं लागतं. शिवाय छाप उलटा उमटतो, म्हणून रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेऊन पालथं उतरवायचं. ओळखीची जागा अशी उलटी दिसली की रचनेतला तोल गेलेला लगेच कळतो. लिनो कापायला लागल्यापासून मी जलरंगातही कागदाची पांढरी जागा आधी राखून ठेवतो, आणि माझ्या चित्रांत सर्वांत मोठा बदल त्यानेच झाला.

सुरुवातीला छपाईचं दाबयंत्र, म्हणजे प्रेस, लागत नाही. लिनोलियमचा तुकडा, व्ही आणि यू आकाराच्या पात्या, रोलर, तेलाची छपाईची शाई, पातळ पण चिवट कागद आणि घासायला स्टीलच्या चमच्याची पाठ एवढं पुरे. थंडीत लिनो कडक होतो, थोडा वेळ उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. मोकळा हात नेहमी पातीच्या मागे ठेवा, पुढे कधीच नको. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तेलाची शाई वाळता वाळत नाही, तेव्हा छापाची कामं उन्हाळ्यात उरका आणि पावसात रेखाटनं करा.

स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं, शिकायला तर लग्नपत्रिका छापणारा चांगला कारागीरही गुरू होऊ शकतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन आणि सगळे रंग एकमेकांवर बरोबर बसवणं हे तो रोज करतो. कुणाच्या जुन्या घरात देवघरापाशी रविवर्मा प्रेसचं चित्र असेल तर भिंग लावून बघा. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात दगडावरून, एकेका रंगासाठी वेगळा दगड घेऊन, ती चित्रं छापली जायची. सलग वाटणारी कांती ठिपक्याठिपक्यांनी बनलेली दिसेल. छापचित्रकार हरेन दास यांची बंगालच्या खेड्यांवरची लाकूडकोरीव छापचित्रंही शोधून बघा. शेत आणि बैल तुम्हीही रंगवत असाल, ते फक्त रेषेतून कसे उभे राहतात ते तिथे कळतं.

एचिंग मात्र घरी नको. त्याला दाबाचा प्रेस लागतो, शिवाय धातूची पट्टी आम्लात खोदली जाते. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतात आणि ते नायट्रिक आम्लापेक्षा बरं, तरी हातमोजे, खेळती हवा आणि शेजारी जाणता माणूस हवाच. निपाणीहून कोल्हापूर जवळ. धारवाड आणि पणजीच्या कला महाविद्यालयांतही चौकशी करा. विचारताना एकच गोष्ट नेमकी विचारा: तुमच्याकडे एचिंग प्रेस चालू स्थितीत आहे का आणि बाहेरच्या माणसाला त्यावर काम करू देता का?

चित्रकलेचा क्लास निवडताना जरा कठोर व्हा. गावोगावचे बरेच क्लास मुलांच्या ग्रेड परीक्षांसाठी चालतात. ते आवश्यकच आहेत, पण तुमची गरज वेगळी आहे. जिथे मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून नक्कल करवतात तिथे पैसे घालू नका. जिथे शिक्षक तुमच्यासमोर स्वतः रंगवतात, माणूस बसवून रेखाटन करून घेतात आणि तुमच्या चित्रावर ब्रश न फिरवता काय चुकलं ते तोंडाने सांगतात, तिथे जा. शिक्षक कन्नड बोलणारे असले तरी मुळीच अडणार नाही, आपल्या भागात दोन्ही भाषा एका वाक्यात चालतात.

पहिला ब्लॉक, म्हणजे कोरायचा लिनोचा तुकडा, तळहाताएवढाच घ्या. वाळत घातलेली तंबाखूची पानं हा विषय तुमच्या दारातच आहे. निदान दहा छाप काढा आणि त्यांतले एकसारखे आलेले तेवढेच आवृत्तीत धरा. त्यांच्याखाली पेन्सिलीने क्रमांक आणि एकूण संख्या लिहून सही करा, म्हणजे ३/७ असं. मग त्याच विषयाचं जलरंग चित्र करा आणि दोन्ही शेजारी ठेवून शिक्षकांना दाखवा.