पुढचे शॉक: आधी गळती, मग सॅग, शेवटी क्लिक

प्रश्न: यामाहा रॅप्टर 700आर (चार चाकांची ऑफ-रोड एटीव्ही) ओळीने खड्डे आले की पुढून खाली बसत जाते आणि हँडलला दणके बसतात. प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) वाढवूनही फरक नाही. एका शॉकचा रॉड तेलकट आहे.

उत्तर: खाली बसत जाणे हे बहुधा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग ठरवणारी सेटिंग) जास्त घट्ट असल्याचे लक्षण; पुढच्या खड्ड्याआधी चाक पुरते खाली येतच नाही. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची बदलते.

आधी तेलाचे बघा. रॉडवर पुसट थर चालतो. ओघळ आणि त्यावर चिकटलेली माती म्हणजे सील गेले. रॉडवरून नख फिरवा. ओरखड्यात नख अडकले तर नवे सीलही फाटेल. सील, वायपर, बुश आणि तेल दोन्ही शॉकचे एकदमच बदलून घ्या. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो, त्यामुळे घरी उघडू नका. कंप्रेसरची हवा भरून देणारा कारागीर टाळाच, तिच्यात दमट वाफ असते.

मग टायरचा दाब समान करा. पुढची चाके अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलच्या मध्यापासून फ्रेमपर्यंतचे अंतर मोजा, नंतर हेल्मेट-बुटांसह बसून पुन्हा. चाकाच्या 230 मिमी वर-खाली हालचालीत 60 ते 75 मिमी फरक हवा; हाच सॅग. प्रीलोडची रिंग फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करा, नाहीतर माती अडकून आटेच जातील.

शेवटी रिबाउंड: स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करत क्लिक (स्क्रूचे टप्पे) मोजून लिहून ठेवा, मूळ जागी आणा, मग दोन्हीकडे दोन-दोन क्लिक सैल करून तोच रस्ता चालवा. तोवर कंप्रेशनला (शॉक दबण्याचा वेग ठरवणारी सेटिंग) हात लावू नका.