पावडरचा डबा नंतर, आधी म्हापशाचा बाजार
अगं, ताकदीसाठी घेणार आहेस ती महागडी पावडर राहू दे. शुक्रवारी गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात जा, तांबड्या भाजीची (लाल माठाची) जुडी घे. पानं ताठ हवीत, देठ कट्‌कन मोडला पाहिजे. तिच्यात लोह असतं, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची जोड हवी. म्हणून ताटातल्या भाजीवर लिंबू पिळ, आणि जेवणावर लगेच चहा नको. (मी कित्येक वर्षं हेच चुकत होते!) पेजेला उकडे तांदूळच घे. भात तुसासकट उकडतात, तेव्हा कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात. सकाळी नाचणीचं तिजन (गोड पेज) कर. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गूळ बेतानं घाल. पीठ आधी थंड पाण्यात कालव, नाहीतर गुठळ्या फोडत बसशील.