निर्णय घ्यायला मदत करणारी सिस्टीम बसवली तर परचेस-प्लॅनिंगला अनुभवी माणसाची गरज राहते का? आणि कोणती घ्यावी?

राहते. ज्यांना वाटतं राहत नाही, त्यांनी अधिक महिन्याच्या वर्षी एकदा कारखाना चालवून बघावा.

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईत तुमचं छोटं युनिट आहे आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याने सांगितलंय की सिस्टीम आपणहून खरेदीची ऑर्डर सुचवेल, म्हणजे परचेस-प्लॅनिंगची दोन माणसं कमी करता येतील. कोणती घ्यायची ते शेवटी बोलू. त्या दोन माणसांबद्दल मला आधी बोलायचंय, कारण आमच्याकडे हाच हिशोब मांडला गेला तेव्हा त्या दोघांत मी होते.

मी रबाळे एमआयडीसीत बॉक्सच्या कारखान्यात परचेस आणि प्लॅनिंग बघते. मिठाईचे, फरसाणचे बॉक्स: पाव किलो, अर्धा किलो, किलो, अकरा मोदकांचे, एकवीस मोदकांचे. कच्चा माल डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे बॉक्सचा जाड पुठ्ठा, तो बराचसा वापीच्या मिलमधून येतो. आमचं खरं वर्ष राखी ते दिवाळी. बाकीचे महिने केकचे आणि लग्नातल्या मिठाईचे बॉक्स करून मशीन चालू ठेवायचं.

२०२२ च्या दिवाळीनंतर नवे जीएम (जनरल मॅनेजर) आले आणि त्यांच्या आग्रहाने सिस्टीम आली. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला विक्रीचा आणि स्टॉकचा डेटा ती उचलते, पुढच्या महिन्यांचा अंदाज बांधते, आणि कुठला बोर्ड किती टन मागवायचा ते स्क्रीनवर येतं. लाल, पिवळं, हिरवं; लाल म्हणजे लगेच मागवा. दिसायला छान आहे आणि बरंचसं काम चोख करते, हे आधीच सांगते.

जून २०२३ मध्ये तिने जुलैत यायच्या मालासाठी ४० टन बोर्ड सुचवला. सगळं लाल. कारण सरळ होतं. २०२० आणि २०२१ ही कोविडची वर्षं म्हणून अंदाजातून काढून टाकलेली, त्यामुळे तिच्याकडे धड असं एकच वर्ष होतं, २०२२. त्या वर्षी राखी ११ ऑगस्टला आणि गणपती ३१ ऑगस्टला. म्हणजे दोन्ही सणांचे बॉक्स जुलै-ऑगस्टमध्येच गेले. सिस्टीमने बघितलं की ऑगस्ट हा मोठा महिना आहे, त्याआधी माल हवा.

२०२३ मध्ये राखी होती ३० ऑगस्टला आणि गणपती १९ सप्टेंबरला. मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण. आपलं पंचांगाचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून सण दर वर्षी अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. सिस्टीमच्या खात्यात फक्त ‘ऑगस्ट’ होता.

मी जीएमना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माल कमी पडला होता ना? सिस्टीम तेच टाळतेय.”

मी म्हटलं, “सर, गेल्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला होते. या वर्षी तीन आठवडे पुढे आहेत.”

“तीन आठवडे बोर्ड पडून राहिला तर काय होतंय? नासतो थोडाच?”

नासतो. ज्याने जुलैमध्ये रबाळ्याच्या गोडाऊनमध्ये बोर्ड ठेवलाय त्याला विचारा. एकीकडे खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर, मध्ये पत्र्याची शेड. बोर्ड दमट हवा पितो. शीटच्या कडा लहरतात, ऑफसेट छपाईच्या मशीनला शीट नीट लागत नाही, रंगावर रंग बसत नाही, लॅमिनेशनला फुगे येतात. पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, प्लॅस्टिकने गुंडाळा, तरी चाळीस टनांना तेवढी जागाच नसते. जागा नसली की भिंतीला टेकवून ठेवतात, आणि भिंतीकडच्या थप्प्या आधी वाया जातात. पैशाचं वेगळंच. मिलला महिन्याभरात पैसे मोजायचे आणि मिठाईवाले देणार दिवाळी झाल्यावर. मधल्या काळाचं सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज कुठल्या लाल-हिरव्या दिव्यात दिसत होतं? कुठल्याच नाही.

मीटिंगला शेठ आले तेव्हा मी ऑफिसच्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं, लॅपटॉपच्या शेजारी. कपाटातून मागच्या वर्षाचं काढलं (आम्ही फेकत नाही, मागे दूधवाल्याचा आणि टेम्पोचा हिशोब असतो). ऑगस्टच्या पानाशेजारी ऑगस्टचं पान. शेठनी चष्मा लावला, एक मिनिट बघितलं आणि म्हणाले, “अहो, हा तर धोंड्याचा महिना!” मग त्यांनीच सांगितलं की जावयांना वाण देतात, तेहेतीस अनारसे, नाहीतर बत्तासे, म्हैसूरपाक, म्हणजे त्या महिन्यात अर्ध्या किलोचे थोडे बॉक्स जास्त जातील, मोदकांचे मात्र पुढे. एवढी बारीक गोष्ट मलाही तोवर सुचली नव्हती, ती त्यांना दुकानदारांकडे चाळीस वर्षं फिरून माहीत होती. ठरलं असं: १२ टन जुलैअखेर, तेही अर्ध्या किलोला लागणाऱ्या साइझचे जास्त, आणि उरलेले २८ टन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून दोन खेपांत.

माल पडून राहिला नाही आणि कमीही पडला नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रात्रपाळी चालली तेवढीच.

नोव्हेंबरच्या रिव्ह्यूमध्ये जीएमनी स्लाइड लावली: सिस्टीम लागू केल्यापासून पावसाळ्यातला बोर्डाचा स्टॉक घटला. त्याच स्लाइडच्या जोरावर प्लॅनिंगला आता एकच माणूस पुरे असा प्रस्ताव आला. मी सिस्टीममध्ये जाऊन त्या ऑर्डरची नोंद उघडली. सुचवलेला आकडा ४०, मंजूर १२, मंजुरी जीएमच्या लॉगिनवर. का बदलला, कुणी बदलायला लावला, काही नाही. लिहायला रकानाच नाही. शेठनी प्रस्ताव बाजूला ठेवला, कारण ते स्वतः त्या टेबलाशी होते. ते त्या दिवशी सुरतेला असते तर?

हा वाद आमच्याच कारखान्यातला आहे असं समजू नका. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या दोघांनी या सिस्टीमना ‘डिसिजन सपोर्ट’ हे नाव दिलं, तेव्हाच त्यांनी निर्णयांची विभागणी करून ठेवली होती. पाया हर्बर्ट सायमनचा, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. काही निर्णय ठरलेल्या पद्धतीने होतात, नियम लिहून दिला की मशीन घेतं. काही अजिबात नियमात बसत नाहीत. आणि मधले अर्धे-अर्धे: थोडा भाग हिशोबाचा, थोडा समजुतीचा. या सिस्टीम मुख्यतः त्या मधल्यांसाठी, आणि त्यात हिशोब मशीनने करायचा, समजूत माणसाने वापरायची. आमच्याकडे पेस्टिंगचा गम, काळी शाई, स्टिचिंगची तार पहिल्या प्रकारात जातात. सिस्टीम आल्यापासून मी त्यांच्याकडे बघितलेलं नाही, बघायची गरजही नाही. दुसरं युनिट भिवंडीला काढावं का, हा दुसरा प्रकार. सणाचा बोर्ड मधला. विकणारा तुम्हाला गमचा डेमो दाखवून बोर्डाचा माणूस काढायला सांगतोय.

मॅनेजमेंटचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी तर १९६७ मध्येच लिहिलं होतं की, सिस्टीम आतून कशी चालते हे मॅनेजरला समजायची गरज नाही, वापरता आली की झालं, हे गृहीतच चुकीचं आहे. आमच्या जीएमना ४० हा आकडा कुठून आला ते विचारलं तर उत्तर होतं, “अल्गोरिदम.” अल्गोरिदम काही जादू नसते. ऑर्डर कधी टाकायची याचं साधं गणित असं: रोजचा सरासरी वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला माल. समजा रोज ८०० किलो लागतो आणि माल यायला दहा दिवस, म्हणजे ८ टन, वर ३ टन सेफ्टी. स्टॉक ११ टनांवर आला की दिवा लाल. आता प्रश्न विचारायचे ते हे: सरासरी कुठल्या दिवसांची? फेब्रुवारीची की राखीच्या आधीची? आणि दहा दिवस कुणी टाकले? वापीहून ट्रक घोडबंदर रोडने येतो. ठाण्यात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी, पावसात गायमुख घाटात खड्डे, दुरुस्तीला रस्ता बंद. पावसाळ्यात ट्रकला किती जादा दिवस धरायचे ते आमच्या ट्रान्सपोर्टवाल्या मामांना फोनवर कळतं. सिस्टीममध्ये ते कुणीतरी टाकावं लागतं, आणि ते टाकणारा माणूसच तुम्ही काढायला निघालात.

म्हणून माझं म्हणणं आहे, आणि जीएमना मी हे अजून सांगते: सिस्टीमने सुचवलेला आकडा कुणीही बदलला तर तिथे नाव आणि कारण लिहिल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकता कामा नये. “अधिक श्रावण, गणपती १९ सप्टेंबर” एवढं पुरे. ते म्हणतात कारणं लिहायला वेळ कुणाकडे आहे. ४० टनांच्या ऑर्डरला एक ओळ लिहायला वेळ नसेल तर ऑर्डर टाकायलाही नसावा. आणि नोंद दोन्ही बाजूंनी ठेवा: माणसाने बदलून फायदा झाला ते, आणि माणसाने उगाच बदलून नुकसान झालं तेही. वर्षअखेरीला ती यादी काढून बसा. मग ठरवा कुणाची गरज आहे आणि कुणाची नाही. त्या यादीत माझं काम कमी भरलं तर मी ऐकून घेईन. स्लाइडवरून ऐकणार नाही.

आता सिस्टीमच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वहीपेन्सिलवाली आहे. ‘असं केलं तर काय होईल’ हे बघायला तिच्यासारखं काही नाही. गणपतीची तारीख बदलली, मिलने भाव वाढवला, मोठं गिऱ्हाईक सुटलं, सगळं मिनिटात दिसतं. पर्सनल कॉम्प्युटरवर हे सोपं केलं ते १९७९ च्या व्हिसिकॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रामने, आणि पूर्वी हेच करायला मी अख्खी संध्याकाळ कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. न हलणारा माल तिने दाखवला, तो आम्हाला रोज समोर असून दिसत नव्हता. कुठला दुकानदार दर वर्षी थोडं थोडं उशिरा पैसे देतोय तेही तिनेच पकडलं. शिवाय माझा धंदा सणांचा आहे. तुम्ही व्हॉल्व्ह किंवा नट-बोल्ट बनवत असाल, मागणी वर्षभर सारखी असेल, तर अधिक महिन्याने तुमचं काही बिघडणार नाही आणि वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही.

कोणती घ्यावी? आधी काही घेऊ नका. टॅली आणि एक्सेलवर, सध्या जो माणूस खरेदी बघतो त्याच्याच हाताने, एक वर्षभराचा तक्ता बनवा आणि त्यात महिन्यांच्या रकान्यासोबत सणांचा रकाना ठेवा. राखीला किती आठवडे उरले, गणपतीला किती. त्यातून तुम्हालाच कळेल कुठे हिशोब अडतोय. मग विकणाऱ्याला बोलवा आणि डेमो त्याच्या डेटावर नको, तुमच्या २०२२ आणि २०२३ च्या विक्रीवर मागा. सांगा की २०२५ चे गणपती २७ ऑगस्टचे, २०२६ चे १४ सप्टेंबरचे, आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. आता अंदाज काढून दाखव. तारखा टाकायची सोय त्याच्याकडे असेल तर पुढे बोला. कारण लिहायचा रकाना आहे का विचारा. “पुढच्या व्हर्जनमध्ये येईल” म्हणाला तर ते पर्चेस ऑर्डरवर तारखेसकट लिहून घ्या आणि तोवर शेवटचा हप्ता देऊ नका.

प्रश्नात धंदा कशाचा ते लिहिलेलं नाही. कच्चा माल काय, तो कुठून येतो आणि किती दिवसांत येतो एवढं कमेंटमध्ये टाका, तक्त्यात काय काय रकाने ठेवायचे ते सांगते.