सीट बसवण्याआधी तळाचा पत्रा पाहा

प्रश्न : माझ्या १९६२ च्या फियाट ११०० गाडीची पुढची सीट नव्याने भरून आली आहे. ती बसवताना कोणती काळजी घ्यावी? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत खरी भीती गादीची नसून तिच्याखालच्या पत्र्याची असते. बोल्टांच्या भोकांभोवती स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे आणि पत्रा भुसभुशीत लागल्यास, वरवर रंगाचा हात न फिरवता, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडून घ्यावा, कारण अपघातात सीट जागेवर धरून ठेवणारा तोच असतो. स्प्रिंगांवर गोणपाट ताणले आहे ना, हेही कारागिराला विचारावे; नाहीतर स्प्रिंगा भरणात रुततात. सर्व बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून, सीट रुळांवर सहज सरकते आहे हे पाहिल्यावरच पूर्ण आवळावेत.