टेस्टला नको म्हणणारं माणूस खरं तर कशाला नको म्हणतं?

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. सासू-सासरे नाशिकहून काही महिन्यांसाठी आले आहेत. सासऱ्यांना काल सकाळपासून ताप आहे, घसा दुखतोय. रॅपिड टेस्ट करू या म्हटलं तर म्हणतात, “कळून काय करायचंय? उगाच सगळं घर कोंडून ठेवाल.” नवऱ्याचं म्हणणं, २०२०-२१ मध्ये इथे इतकं भोगलंय, आता तो विषयच नको. मी एज्ड केअरमध्ये (वृद्धांच्या निवासात) कॅज्युअल, म्हणजे पगारी रजा नसलेलं तासांवरचं काम करते, त्यामुळे मला गप्प बसता येत नाही. घरात रोज वाद. काय करावं?

उत्तर: आधी आजचं काम, वाद नंतर.

लक्षणं सुरू होऊन एक दिवस होऊन गेलाय, म्हणजे औषधासाठी मोलाची वेळ चालू आहे. फ्लूवरचं ओसेल्टामिविर ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. कोविडवरच्या पॅक्सलोविड गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. सासऱ्यांच्या “कळून काय करायचंय” या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे, आणि ते त्यांना याच शब्दांत द्या: “बाबा, दोन्ही आजार सारखेच दिसतात, पण गोळ्या वेगळ्या आहेत आणि दोन्हींना मुदत आहे.” नातवंडांना लागण होईल, सुनेची नोकरी जाईल, ही कारणं आत्ता काढू नका. त्यानं माणूस अपराधी होतं आणि आणखी अडून बसतं.

फार्मसीतून कोविड, फ्लू ए, फ्लू बी आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) एकत्र तपासणारा कॉम्बो किट आणा. खोक्यावरची मुदत बघा. किट बहुधा २ ते ३० अंश तापमानात ठेवायचा असतो; उन्हात उभ्या गाडीत राहिलेला किट वापरू नका. आधी नाक शिंकरायचं, हात धुवायचे. काडी नाकपुडीत साधारण दोन सेंटिमीटर आत, नाकाच्या भिंतीला टेकवून पाच पूर्ण फेरे, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. सुनेनं नाकात काडी फिरवणं सासऱ्यांना अवघड वाटत असेल तर मुलानं करावं. काडी नळीत घुसळून, नळी बाहेरून दाबत पिळून काढा. थेंब मोजून टाका, तीन की चार ते तुमच्या किटच्या कागदावर असतं. पट्टी सपाट टेबलावर ठेवा आणि फोनवर टायमर लावा.

चुका बहुतेक इथेच होतात. नाकाच्या टोकाला काडी लावून काढली तर नमुनाच येत नाही. दोन वेगळ्या खोक्यांतली नळी आणि पट्टी एकत्र वापरली तर निकालाला अर्थ नाही. ‘सी’ची (टेस्ट नीट चालली हे दाखवणारी) रेघ आली नाही तर ती टेस्ट झालीच नाही असं समजा. दिलेल्या वेळेत ‘टी’ची (लागण दाखवणारी) रेघ कितीही फिकट आली तरी ती पॉझिटिव्ह. उलट, वेळ टळून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून पट्टी काढून पाहिलेली रेघ ग्राह्य नाही.

निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असंही नाही. लस घेतलेल्या किंवा आधी कोविड होऊन गेलेल्या माणसाला शरीराच्या प्रतिकारामुळे लक्षणं लवकर जाणवतात. नाकातलं विषाणूचं प्रमाण मात्र त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं. म्हणून पहिल्या दिवशी निगेटिव्ह आणि तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह असं वारंवार घडतं. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणं नसलेल्या माणसाला फक्त संपर्क झाला असेल तर ४८-४८ तासांच्या अंतरानं तीन टेस्ट. मात्र सासऱ्यांच्या वयात तापासाठी डॉक्टरला फोन करायला दुसऱ्या टेस्टची वाट पाहू नका. डॉक्टर पीसीआर ही प्रयोगशाळेतली टेस्ट सांगू शकतात, ती जास्त बारकाईनं पकडते.

डॉक्टरला फोन करण्याआधी एक कागद तयार ठेवा. भारतातून आणलेल्या गोळ्यांची ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरला ओळखीची नसतात. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते उतरवा. पॅक्सलोविडमधलं रिटोनाविर बऱ्याच औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, अ‍ॅम्लोडिपिन, प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन, रक्त पातळ करणारं रिव्हारोक्सॅबान. क्लोपिडोग्रेलचा परिणाम उलट कमी होऊ शकतो. आपल्याकडे साठीपुढच्या कितीतरी लोकांच्या डबीत यातली दोन तरी असतात. भारतात अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. एक थांबवून दुसरं चालू ठेवायचं तर तीच कॅप्सूल चालत नाही, हे डॉक्टरला मुद्दाम सांगा. किडनीचा अलीकडचा क्रिएटिनिन रिपोर्ट असेल तर तोही हाताशी ठेवा. स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका.

पैशाचं आजच विचारून घ्या. भारत आणि ऑस्ट्रेलियामध्ये परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावरच्या आईवडिलांना मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) नाही आणि औषधावरची सरकारी सवलतही नाही. सवलतीशिवाय पॅक्सलोविडचा कोर्स हजार डॉलरच्या पुढे जातो. विमा कंपनीला फोन करून बाह्यरुग्ण औषधं आणि कोविड दोन्ही पॉलिसीत बसतात का ते नेमकं विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर व्हिक्टोरियात नर्स-ऑन-कॉल १३०० ६० ६० २४. सासूबाईंना स्वतः बोलायचं असेल तर दुभाषा सेवेचा नंबर १३१ ४५०. मराठी मागा, त्या वेळी कुणी नसेल तर हिंदी.

ऑक्सिमीटर घरात असेल तर हात गरम करून, नेलपॉलिश काढून, मिनिटभर स्थिर बसून आकडा घ्या. ९५ आणि वर ठीक. ९३-९४ आला तर लगेच डॉक्टर. ९२ किंवा खाली, किंवा आकडा काहीही असो पण श्वास लागतोय, गोंधळल्यासारखं बोलताहेत, छातीत दुखतंय, तर ००० या आणीबाणीच्या नंबरवर फोन. गडद त्वचेवर ही यंत्रं कधीकधी प्रत्यक्षापेक्षा चांगला आकडा दाखवतात, म्हणून माणसाकडे आधी बघा.

आता वादाबद्दल. टेस्टला नकार म्हणजे अडाणीपणा, ही समजूत आधी सोडा. पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय ओढवेल याचा हिशोब माणूस मनात करतं आणि मग हो किंवा नाही म्हणतं. मेलबर्नमध्ये तो हिशोब सगळ्यांसमोर आला होता. २०२० च्या जून अखेरीस लागण झालेल्या उपनगरांत घरोघरी जाऊन टेस्ट सुरू केल्या तेव्हा दहा हजारांहून जास्त लोकांनी नकार दिला. त्याच वर्षी जुलैत राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डॅनियल अँड्रयूज यांनी दोन आठवड्यांच्या रुग्णांचा तपशील दिला: बरं वाटेनासं झाल्यापासून टेस्ट होईपर्यंत दहातले नऊ जण घरी थांबलेले नव्हते, आणि टेस्ट दिल्यावर निकाल येईपर्यंत निम्म्याहून जास्त थांबले नव्हते. त्यांनी स्वतःच कारण सांगितलं की यातल्या अनेकांना पगारी रजा नाही. पॉझिटिव्ह आलेल्यांसाठी १५०० डॉलरची मदत होतीच; मग निकालाची वाट पाहत घरी थांबणाऱ्यांसाठीही मदत आली, ती पुढे ४५० डॉलर झाली. आमच्या मते उपदेशाच्या दहा पोस्टरांपेक्षा ही रक्कम जास्त उपयोगी होती.

सिडनीत २०२१ च्या जुलैत पश्चिमेकडच्या फेअरफिल्ड भागातून बाहेर कामाला जाणाऱ्यांना दर तीन दिवसांनी टेस्ट सक्तीची केली, तेव्हा लोक रात्रीच्या थंडीत तासन् तास गाड्यांच्या रांगेत थांबले. ती माणसं टेस्टला तयारच होती. त्यांचा राग होता तो आधी केंद्रं न वाढवता सक्ती करण्यावर. पुढे ऑगस्टमध्ये पॅरामॅटा, ब्लॅकटाऊनसह पश्चिमेकडच्या भागांना रात्री ९ ते पहाटे ५ संचारबंदी लागली आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ती नव्हती. पश्चिमेकडच्या लोकांना हा भेद बोचला. नियम एकसारखा असेल तर कडकही सोसला जातो.

तुमच्या सासऱ्यांचा हिशोब नाशिकचा आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईचा शिक्का मारत होते. इमारती सील होत होत्या, पॉझिटिव्ह माणसाला घरातून उचलून केंद्रात नेत होते, आणि शेजारी गॅलरीतून बघत होते. ते पाहिलेला माणूस “कोंडून ठेवाल” म्हणतो तेव्हा त्याला ते सगळं आठवत असतं. त्यांना आजची परिस्थिती स्पष्ट सांगा: ऑस्ट्रेलियात सक्तीचं विलगीकरण ऑक्टोबर २०२२ मध्येच संपलं. कुणी न्यायला येणार नाही, दारावर कागद लागणार नाही, व्हिसावर परिणाम होणार नाही. आणि घरात नेमकं काय होईल तेही आधीच सांगा: खिडकीची खोली, जेवण तिथेच पण दार उघडून गप्पा मारता येतील, आईंना शेजारच्या खोलीत झोपवू, अंगणात फिरायला मोकळीक. मग सांगितलं तेवढंच करा. शब्द मोडला तर पुढच्या वेळी ते ताप लपवतील.

नवऱ्याचा थकवाही खरा आहे. २०२० चा दुसरा लॉकडाऊन ११२ दिवसांचा, पाच किलोमीटरची हद्द, दिवसाला एक तास व्यायाम, रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही. सहा लॉकडाऊन मिळून २६२ दिवस. २०२० आणि २०२१, दोन्ही गणपती बंद दारांआड झाले. शिवाय आपल्या लोकांच्या वाट्याला सीमाबंदी वेगळी आली: मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनासुद्धा मनाई, मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद. नोव्हेंबर २०२१ पर्यंत आईवडील ‘जवळच्या कुटुंबात’ धरलेच जात नव्हते, त्यामुळे बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, वडिलांच्या शेवटच्या दिवसांत मुलाला जाता आलं नाही, अशी घरं कमी नाहीत. सरकारनंही चुका केल्या. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या नऊ सरकारी निवासी टॉवरमधल्या सुमारे तीन हजार लोकांना ४ जुलै २०२० ला काहीही पूर्वसूचना न देता कोंडलं. ते तातडीनं लादणं मानवी हक्कांच्या कायद्याशी विसंगत होतं, असं राज्याच्या ऑम्बड्समननी (सरकारी कारभाराची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) डिसेंबरमध्ये नोंदवलं. दुसरीकडे, त्या ११२ दिवसांच्या शेवटी, २६ ऑक्टोबरला नव्या रुग्णांची संख्या शून्यावर आली होती आणि तेव्हा लस नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नवऱ्याला लॉकडाऊन चूक वाटत असेल तर वाटू द्या. त्या मतावर आज कुणाचा ताप अवलंबून नाही. त्यांना एवढंच विचारा: “लॉकडाऊनबद्दल तू म्हणशील ते. पण बाबांची गोळी चुकायला नको, हे तरी पटतं ना?”

राहिली तुमची नोकरी. पर्मनंट पूर्णवेळ माणसाला वर्षाला दहा दिवस आजारपणाची आणि काळजीवाहूची पगारी रजा असते; कॅज्युअलला ती नाही, फक्त प्रत्येक प्रसंगी दोन दिवस बिनपगारी काळजीवाहू रजा. त्या बदल्यात तासाच्या पगारावर २५ टक्के कॅज्युअल लोडिंग, म्हणजे जादा पैसे मिळतात. ते घरखर्चात विरून जातात, म्हणून त्यातला काही भाग वेगळ्या खात्यात टाका, आठवडाभराची शिफ्ट बुडाली तरी भागेल इतका. घरात कुणी पॉझिटिव्ह आलं की पुढच्या शिफ्टआधी सुपरवायझरला मेसेज करा आणि तुमच्या संस्थेचा नियम लेखी मागा: काम करू की नको, रोज टेस्ट की नाही, मास्क कुठला. तुम्हाला स्वतःला लक्षणं असतील तर टेस्ट निगेटिव्ह आली तरी जाऊ नका. तिथे ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत.

घरात सगळे बरे असताना, रविवारी जेवणानंतर, चार गोष्टी ठरवून फ्रिजवर लावा: ताप आला की कोण टेस्ट करेल, कोणती खोली रिकामी होईल, मुलांना शाळेत कोण सोडेल, कुणाचा पगार बुडाला तर कुठून भरायचा. आजारपणात हे ठरवायला बसलं की भांडणच होतं. कपाटात चार कॉम्बो किट, दहा पी-टू (एन-९५ सारखे) मास्क, पॅरासिटामॉल आणि थर्मामीटर असू द्या.

तुमच्या मंडळातही हा विषय काढा. गणपतीचा कार्यक्रम इथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, म्हणजे फ्लूच्या मोसमात. महाप्रसादाच्या कुपनाचे पैसे परत मिळणार नसतील तर चार माणसांचे पैसे भरलेलं कुटुंब खोकत का होईना येणारच. आदल्या आठवड्याच्या संदेशात एवढं घाला: “घरात कुणालाही ताप-खोकला असेल तर कृपया येऊ नका. सकाळी दहापर्यंत कळवल्यास कुपनाचे पूर्ण पैसे परत. आरती ऑनलाइन दिसेल. प्रसादाचा डबा संध्याकाळी दारात ठेवू.” डबे पोचवायला दोन स्वयंसेवकांची नावं आधीच ठरवून ठेवा.