ट्रान्सफर फंक्शनवरून मशिन किती हादरेल हे आधीच सांगता येतं का?

हो, येतं. ट्रान्सफर फंक्शन म्हणजे दिलेल्या बलाला मशिन किती प्रतिसाद देतं हे सांगणारं गुणोत्तर. तुम्ही लिहिलंय की त्यामागचं लाप्लास, पोल, झीरो हे सगळं गणित परीक्षेपुरतं शिकलात, पण मशिन बसवण्याआधी त्याचं कंपन यावरून खरंच कळतं का, याबद्दल शंका आहे. माझं रोजचं काम हेच आहे. कंपन कुठल्या वेगाला चढेल हे गणितातून चांगलं कळतं. किती चढेल हे मात्र डॅम्पिंग, म्हणजे कंपन विरवणारा अवरोध, मोजल्याशिवाय ठामपणे सांगू नये.

एक उदाहरण घ्या. मोटर, पंप आणि बेसफ्रेम मिळून २०० किलो, वेग १५०० आरपीएम, म्हणजे २५ हर्ट्झ. रोटरवर १०० मिमी त्रिज्येवर २० ग्रॅमचं असंतुलन आहे असं धरा. त्याचं फिरतं बल साधारण ४९ न्यूटन होतं, जेमतेम ५ किलोच्या वजनाएवढं. खालच्या स्प्रिंग अशा घेतल्या की नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का देऊन सोडल्यावर मशिन आपणहून ज्या लयीत डोलतं ती, २४ हर्ट्झ येते. हेच बल स्थिर लावलं असतं तर मशिन ११ मायक्रॉन सरकलं असतं. आता ट्रान्सफर फंक्शनमध्ये एसच्या जागी जे-ओमेगा घाला, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा प्रतिसाद मिळतो, आणि डॅम्पिंग रेशो (डोलणं पुरतं थांबवणाऱ्या डॅम्पिंगच्या तुलनेत प्रत्यक्ष डॅम्पिंग किती) ०.०२ धरा. २५ हर्ट्झला गुणक, म्हणजे स्थिर सरकण्याच्या किती पट, १०.५ च्या आसपास येतो. म्हणजे ११४ मायक्रॉन, आणि जमिनीत ५०० न्यूटनच्या वर बल उतरतं!

स्प्रिंग मऊ घेऊन नैसर्गिक वारंवारता ८ हर्ट्झवर आणा. कंपन परत ११ मायक्रॉनवर येतं आणि जमिनीत ६ न्यूटनसुद्धा उतरत नाहीत. फक्त चालू-बंद करताना ४८० आरपीएमच्या आसपास मशिन क्षणभर डोलेल, त्या वेळी पाइपच्या जोडांवर ताण येणार नाही एवढं पाहावं लागतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. ८ हर्ट्झच्या रचनेत डॅम्पिंगचा आकडा दुप्पट चुकला तरी उत्तर जवळपास तेच राहतं. नैसर्गिक वारंवारता बरोबर २५ वर असती तर ०.०१ डॅम्पिंगला गुणक ५०, ०.०२ ला २५, ०.०४ ला साडेबारा. आणि डॅम्पिंग हीच गोष्ट ड्रॉइंगवरून काढता येत नाही. ते बोल्टच्या जोडांत, रबरात, ग्राउटमध्ये (फ्रेमखाली भरलेल्या सिमेंटच्या थरात) दडलेलं असतं. म्हणून शिखराजवळच्या, म्हणजे कंपन सर्वात जास्त होतं त्या वारंवारतेजवळच्या, गुणकावर डिझाइन उभं करू नका, शिखरच वेगापासून दूर न्या.

ते जमत नसेल तर मोजा. फ्रेमवर मेणाने अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपनाचं त्वरण मोजणारा सेन्सर) चिकटवायचा, बल मोजणाऱ्या हातोडीने एक टोला द्यायचा आणि प्रत्येक वारंवारतेला प्रतिसाद भागिले बल असा आलेख काढायचा. कमी वारंवारतेसाठी रबरी टोक लावा. धातूच्या टोकाची ऊर्जा फार वरपर्यंत पसरते आणि २४ हर्ट्झच्या वाट्याला थोडीच येते. हातोडी उसळून दुसऱ्यांदा लागली तर तो टोला सरळ टाकून द्या. नवे लोक सर्वात जास्त फसतात ते नोंदीच्या वेळेत. १ सेकंदाची नोंद घेतली की आलेखावरचे बिंदू १ हर्ट्झच्या अंतराने पडतात. ०.०२ डॅम्पिंगला २४ हर्ट्झवरच्या शिखराची अर्धशक्ती-रुंदीच (शक्ती निम्मी होते तिथली शिखराची रुंदी) सुमारे ०.९६ हर्ट्झ! शिखर दोन बिंदूंच्या मधे हरवतं, बुटकं दिसतं आणि डॅम्पिंग भरपूर आहे असं वाटतं. ८ सेकंद घ्या. एक्स्पोनेन्शियल विंडो (नोंद शेवटाकडे हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावली असेल तर तिनेही डॅम्पिंग फुगतं, तेवढं वजा करा.

मी स्वतः एका पंपाच्या फ्रेमचं शिखर ३१ हर्ट्झला काढून दिलं होतं. टोला मारला तेव्हा ते २४ ला निघालं. मी खालचा स्लॅब अगदी ताठ धरला होता, तो तसा नव्हता. स्लॅबचा लवचीकपणा मॉडेलमध्ये घातल्यावर आकडे जुळले. तेव्हापासून मी आधाराचं मोजमाप घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

ही पद्धत रेषीय (लिनिअर) सिस्टिमसाठी आहे, म्हणजे बल दुप्पट केलं की प्रतिसादही दुप्पट व्हावा, हेही तपासा. टोल्याचा जोर दुप्पट केला आणि आलेख बदलला तर कुठेतरी बोल्ट सैल आहे किंवा फट आहे. कोहेरन्सही (प्रतिसादाचा किती भाग खरोखर टोल्यामुळे आला ते सांगणारा आकडा) पाहा, शिखरावर तो १ च्या जवळ हवा.

शिवाय बल हे कंपनावर अवलंबून नसलं पाहिजे. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल आडवा डोलू लागला की माणसं तोल सावरायला त्याच लयीत पावलं टाकत, त्यामुळे डोलणं आणखी वाढे. अशा वेळी फक्त पुलाचं ट्रान्सफर फंक्शन पुरत नाही, माणसांकडून पुलाकडे परत येणारा फीडबॅकही समीकरणात घ्यावा लागतो. तिथे डॅम्पर बसवून २००२ मध्ये पूल परत खुला झाला.

तुमच्या मशिनचं वजन, वेग आणि खाली काय आहे, रबर, स्प्रिंग की थेट काँक्रीट, एवढं कळवलंत तर पहिला अंदाज मी इथेच मांडून दाखवतो.