वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची निवडणूक, आरोग्यविमा आणि मोबाइलवरचा प्रचार

मागील अंकात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आरोग्यविमा हा विषय पुन्हा पुन्हा का येतो, याविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : इतक्या श्रीमंत देशात दर चार वर्षांनी विम्यावरच भांडण का व्हावे? तेथे सरकारी दवाखाने नाहीत काय?
– माध्यमिक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

आपल्याकडे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशी सरकारी उतरंड आहे. तिची अवस्था कशीही असली, तरी दारात गेलेल्या रुग्णाला आधी विम्याचे कागद मागितले जात नाहीत. अमेरिकेत बहुतेक रुग्णालये खासगी किंवा धर्मादाय स्वरूपाची आहेत आणि बिल कोण भरणार हा प्रश्न विम्याने सुटतो. नोकरदारांना विमा मालकाकडून मिळतो. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना आहेत. या दोन्हींच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी स्वाक्षरी केली. उरतात ते छोटे शेतकरी, दुकानदार आणि नोकरी गेलेले लोक. त्यांनी स्वतः विमा घ्यायचा म्हटला, तर आधीपासून मधुमेह किंवा हृदयविकार आहे या कारणावरून कंपनी बहुतेक राज्यांत त्यांना सरळ नाकारू शकत असे. २०१० च्या सुमारास विमा नसलेल्यांची संख्या चार कोटींहून अधिक होती.

२३ मार्च २०१० रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही नकाराची वाट बंद केली आणि मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या विम्यात राहण्याची मुभा दिली. मात्र आजारी माणसे तेवढी विमा घेणार आणि धडधाकट माणसे बाहेर राहणार असे झाले असते, तर कंपन्यांचा हिशेब जुळला नसता. म्हणून विमा घ्या, नाहीतर दंड भरा, अशी सक्ती त्यात आली आणि खरे भांडण या सक्तीचे आहे. यातली गंमत अशी की २००८ च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत उमेदवारीच्या लढतीत सर्वांसाठी सक्ती हिलरी क्लिंटन मागत होत्या. ओबामा यांच्या आराखड्यात ती केवळ मुलांच्या विम्यापुरती होती आणि क्लिंटन यांच्या सक्तीवर ते टीका करीत होते. उलट बाजूला, २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना २००६ मध्ये अशाच सक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली होती आणि प्रचारात मात्र ओबामांचा कायदा रद्द करण्याचे वचन दिले. जून २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सक्ती वैध ठरवली. पुढे डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून दंडाची रक्कम शून्यावर आणली. म्हणजे कायदा कायम राहिला आणि ज्यावरून रान पेटले होते ती सक्ती दातच नसलेली झाली.

प्रश्न : समाजमाध्यमांच्या जोरावर निवडणूक जिंकता येते असे सांगतात. आरोग्याच्या धोरणावर त्यांचा खरोखर काही परिणाम झाला, की हा केवळ गवगवा आहे?
– पदवीची विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

निवडणूक जिंकण्याविषयी आपण शंका घेतली ते बरे केले. २००८ मध्ये ओबामा यांच्या प्रचाराने स्वतःचे संकेतस्थळ उभारून कार्यकर्ते आणि छोट्या देणग्या गोळा केल्या. फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस ह्यूज, त्या कामात होते आणि उपाध्यक्षपदासाठी जो बायडन यांची निवड झाल्याचे समर्थकांना मोबाइल संदेशाने कळवण्यात आले. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरचा सपाटा लावला. ट्रम्प यांच्या प्रचारासाठी काम केलेल्या केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीकडे फेसबुकच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती गेली असावी, हे २०१८ मध्ये उघड झाले. परंतु अमुक माध्यमामुळे तमुक निवडणूक जिंकली गेली, असे ठाम सांगण्यासारखा पुरावा यातून निघत नाही. मतदाराच्या मनात महागाई, रोजगार, वंश, धर्म असे बरेच काही एकाच वेळी चाललेले असते.

धोरणावर मात्र परिणाम झाला आहे, आणि त्याचे एक उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. २००९ च्या उन्हाळ्यात आरोग्य विधेयकाच्या मसुद्यात १२३३ क्रमांकाचे एक कलम होते. मेडिकेअरमधील वृद्ध व्यक्तीने आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत याविषयी डॉक्टरांशी बोलायचे ठरवले, तर त्या भेटीचे शुल्क साधारणपणे पाच वर्षांतून एकदा सरकार डॉक्टरांना देईल, एवढाच त्याचा आशय होता. बोलणे ऐच्छिक होते. ७ ऑगस्ट २००९ रोजी, आदल्या वर्षी रिपब्लिकन पक्षाकडून उपाध्यक्षपदाची निवडणूक लढलेल्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर मजकूर टाकला की, आपले आई-वडील किंवा डाऊन सिंड्रोम ही जन्मजात अवस्था असलेले आपले बाळ यांना ओबामांच्या ‘मृत्यू समिती’पुढे उभे राहावे लागेल आणि ते उपचारांना पात्र आहेत की नाही हे नोकरशहा ठरवतील. अशी कोणतीही समिती मसुद्यात नव्हती. दाव्यांची शहानिशा करणाऱ्या पोलिटिफॅक्ट या संस्थेने त्या वर्षातील सर्वांत मोठे असत्य म्हणून याच दाव्याची निवड केली. तोवर काम झालेले होते : खासदारांच्या गावसभांत म्हातारी माणसे घाबरून प्रश्न विचारू लागली आणि हे कलम अंतिम कायद्यातून गळाले. तशाच सल्ल्यासाठी मेडिकेअरने स्वतंत्र शुल्क देण्यास १ जानेवारी २०१६ पासून सुरुवात केली.

खोट्या मजकुराने लोकांची दिशाभूल होते हे सर्वच जण सांगतात. माझ्या मते त्याहून गंभीर बाब ही की, तो मजकूर ज्यांनी मुळीच वाचला नाही आणि ज्यांचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही, अशा वृद्धांनाही त्या सोयीसाठी सहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

दोष एकाच पक्षाचा नाही. आपला सध्याचा विमा आवडत असेल तर तो तसाच ठेवता येईल, हे ओबामा यांनी वारंवार दिलेले आश्वासन २०१३ मध्ये फोल ठरले. नव्या निकषांत न बसणाऱ्या पॉलिसी बंद झाल्याची पत्रे लाखो लोकांच्या घरी आली आणि पोलिटिफॅक्टने त्या वर्षीचा तोच मान या वाक्याला दिला. दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता येतात, हे ध्यानात घ्यावे. ज्या कायद्याविषयी ती होती, तो शेकडो पानांचा होता. पुढे दुसऱ्या टोकाला गोष्ट गेली : १० सप्टेंबर २०२४ च्या वादसभेत ट्रम्प यांना ओबामांच्या कायद्याला पर्याय म्हणून त्यांची योजना विचारली, तेव्हा आपल्याकडे योजनेच्या कल्पना आहेत, असे उत्तर त्यांनी दिले. वर्षानुवर्षे ‘रद्द करा आणि बदला’ ही घोषणा चालली आणि बदलायचे कशाने, हा तपशील तेव्हाही पुढे आला नव्हता.

प्रश्न : अशा खोट्या प्रचाराबद्दल तेथे शिक्षा होते काय?
– निवृत्त तलाठी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

धोरणाविषयी खोटे बोलल्याबद्दल जवळजवळ नाहीच. ओहायो राज्यात निवडणुकीत जाणूनबुजून खोटे विधान करणे हा गुन्हा होता. आरोग्य कायद्याला मत देणे म्हणजे करदात्यांच्या पैशाने होणाऱ्या गर्भपाताला मत देणे होय, असा फलक एका संघटनेला तेथील खासदाराविरुद्ध लावायचा होता. त्या प्रकरणातून खटला उभा राहिला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने तो कायदाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केला. कंपन्यांनी स्वतः घातलेले नियमही मालकाच्या मर्जीवर टिकतात; ट्विटरने नोव्हेंबर २०१९ मध्ये राजकीय जाहिराती बंद केल्या आणि मालकी बदलल्यावर २०२३ मध्ये ते निर्बंध सैल झाले. आपण महसुलात होता, तेव्हा कलमाची भाषा आपल्याला ठाऊक असेल : आपल्या लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३(४) हेही उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी, वर्तनाविषयी किंवा उमेदवारीविषयी केलेल्या खोट्या विधानापुरते आहे. योजनेविषयीची थाप त्यात बसत नाही.

प्रश्न : निवडणूक आली की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दवाखान्याच्या कार्डाचे संदेश सुरू होतात. बाया घरी येऊन म्हणतात, “ताई, आपलं कार्ड बंद होनार हाय म्हनते, लिंकवर नाव टाकून दे.” अमेरिकेतही असेच चालते का? आणि मी त्यांना काय सांगावे?
– आशा कार्यकर्ती, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

ताई, भीतीचा प्रकार तोच आहे : हातात असलेले काढून घेतले जाईल. व्यवस्था मात्र वेगळी आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड थेट जनता करीत नाही आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे, त्यामुळे आरोग्याचे आश्वासन विधानसभेच्या प्रचारात अधिक ऐकू येते. निवडणूक आयोगाने २०१३ पासून समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन (प्रसिद्धीआधी घ्यायची मंजुरी) लागू केले. पण एका चुलत्याने दुसऱ्या चुलत्याला पाठवलेला संदेश ही जाहिरात नसते, आणि आपल्या गावात फिरतो तो बहुतेक असाच. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले. त्याने वेग थोडा कमी होतो, इतकेच.

बायांना सांगण्यासारखे असे आहे. राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला गडचिरोली आणि अमरावती हे दोन जिल्हे होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि मध्ये सरकारे बदलली तरी ती चालू राहिली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ पासून आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि राज्यानेही २०२३ मध्ये तितकेच संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. अशी योजना बंद करायची झाली तर शासन निर्णय काढावा लागतो; आणि आचारसंहिता लागू असताना नव्या योजनेची घोषणाही सरकारला करता येत नाही. तेव्हा त्या काळात “आजच फॉर्म भरा, मतदानानंतर मिळणार नाही” असे सांगणारी लिंक आली, तर आधार क्रमांक आणि ओटीपी मुळीच देऊ नये. कार्ड चालू आहे की नाही हे योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्र तपासून सांगतो, आणि आयुष्मान भारतसाठी १४५५५ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. हा क्रमांक आपण ग्रुपवर टाकण्यापेक्षा उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक लिहून घ्यावा, कारण ज्या बायांकडे मोबाइल नाही त्यांनाच हा निरोप तिसऱ्या तोंडून आणि सर्वांत भीतिदायक रूपात पोहोचतो.